डिस्कच्या दारातली रांग

२००३ सालची गोष्ट. माझे पीएच.डी.चे काम चालू होते. प्रयोगशाळेत बऱ्यापैकी म्हणावा असा संगणक एकच, आणि आम्ही चारपाच जण आपापल्या टेबलावरून एकाच वेळी त्याच्यावर काम करत असू. एका संध्याकाळी एका सहकाऱ्याने काही गिगाबाइट आकडेवारी एका जागेवरून दुसऱ्या जागी उतरवून घ्यायला लावली आणि तो चहाला निघून गेला. मला हवी होती अगदी किरकोळ गोष्ट : माझ्या फोल्डरमध्ये कोणकोणत्या फाइली आहेत, त्यांची यादी. एरवी ही यादी कळीवरचे बोट उचलायच्या आत पडद्यावर येते. त्या दिवशी मी आज्ञा दिली आणि बसून राहिले. एक मिनिट गेले, दोन गेली. पडदा कोराच. मित्र चहा पिऊन परत आला, त्याचे काम संपले, आणि त्याच क्षणी माझी वीस ओळींची यादी पडद्यावर धाडकन येऊन पडली.

संगणक बिघडलेला नव्हता. प्रोसेसर तर जवळजवळ रिकामा बसून होता. उशीर झाला होता तो हार्ड डिस्कच्या दारात. तिथे माझी एक छोटी मागणी आणि मित्राच्या हजारो मागण्या रांगेत उभ्या होत्या, आणि कोणाला आधी आत घ्यायचे हे ठरवणारा जो नियम होता, त्याच्या दृष्टीने मला ताटकळत ठेवणे हेच शहाणपणाचे होते. हा नियम कोणी केला, का केला आणि पुढे तो कसा बदलत गेला, याची हकीकत साठ-सत्तर वर्षांची आहे.

आधी डिस्कची रचना पाहू. ग्रामोफोनच्या तबकडीसारखी एक चकती, तिच्यावर चुंबकीय पदार्थाचा लेप. चकती सतत फिरत असते. एका हातावर बसवलेले हेड चकतीवर आत-बाहेर सरकते आणि खालून जाणाऱ्या चुंबकीय खुणा वाचते किंवा नव्या उमटवते. ग्रामोफोनच्या तबकडीवर एकच सलग सर्पिल रेषा असते; इथे मात्र एकाच केंद्राभोवतीची हजारो वेगवेगळी वर्तुळे असतात. त्यांना ट्रॅक म्हणतात. हवी ती माहिती मिळवायला दोनदा थांबावे लागते. हात योग्य ट्रॅकवर जाऊन पोहोचेपर्यंतचा एक वेळ, आणि त्या ट्रॅकवरचा हवा तो तुकडा फिरत फिरत हेडखाली येईपर्यंतचा दुसरा. मिनिटाला ७२०० फेऱ्या घेणाऱ्या डिस्कला एका फेरीला ८.३३ मिलिसेकंद लागतात, म्हणजे हा दुसरा विलंब सरासरीने ४ मिलिसेकंदांहून थोडा जास्त. आपल्याला हा वेळ काहीच वाटत नाही. पण सेकंदाला ३ अब्ज ठोके मोजणाऱ्या प्रोसेसरचे एका फेरीत अडीच कोटी ठोके वाया जातात. म्हणून इथे काटकसर हवी.

ढोलापासून सुरुवात

ही काटकसर डिस्कपेक्षा जुनी आहे. १९५३ साली आयबीएम कंपनीने ६५० नावाचा संगणक जाहीर केला. त्याची मुख्य स्मृती म्हणजे मिनिटाला १२,५०० फेऱ्या घेणारा एक चुंबकीय ढोल. ढोलाच्या परिघावर एका पट्ट्यात ५० शब्द मावत, आणि अशा ४० पट्ट्यांत मिळून २००० शब्द. प्रत्येक पट्ट्याला स्वतःची स्थिर हेड असल्यामुळे हात हलवायचा प्रश्नच नव्हता. फक्त ढोल फिरून हवा तो शब्द समोर येण्याची वाट पाहायची. पण ही वाटही महाग होती : पूर्ण फेरीला ४.८ मिलिसेकंद. एक सूचना वाचून संगणक ती पार पाडेपर्यंत ढोल पुढे सरकलेला असे. पुढची सूचना लगेच शेजारच्या जागेत लिहिलेली असेल, तर ती नेमकी हुकलेली असे आणि जवळजवळ पूर्ण फेरी वाया जाई.

यावरचा तोडगा सुरेख होता. ६५० च्या प्रत्येक सूचनेतच पुढची सूचना कुठे आहे त्याचा पत्ता लिहिलेला असे. त्यामुळे कार्यक्रम लिहिणारा माणूस हिशेब करून पुढची सूचना अशा जागी ठेवी, की आधीची संपता संपता ती हेडखाली हजर व्हावी. हा हिशेब हाताने करणे म्हणजे डोकेदुखी. १९५५ च्या सुमारास स्टॅन पोली यांनी तो करणारा कार्यक्रमच लिहिला. त्याच्या इंग्रजी नावाची आद्याक्षरे जोडली की 'सोप', म्हणजे साबण, असा शब्द होई. भारतात आलेला पहिला अंकीय संगणक, कोलकात्याच्या भारतीय सांख्यिकी संस्थेतला एचईसी-२एम, हाही ढोलावरच आपली स्मृती ठेवत असे.

मात्र ढोलावरच्या या हिशेबात एक सोय होती. एकच कार्यक्रम चाले आणि त्याला पुढे काय लागणार ते आधीच ठाऊक असे. पुढचे काही ठाऊक नसताना, कोणीही केव्हाही काहीही मागेल अशा परिस्थितीत काय करायचे, हा प्रश्न तेव्हा उठलाच नाही.

१९५६ च्या सप्टेंबरात आयबीएमने रॅमॅक ही यंत्रणा जाहीर केली. सॅन होजे इथल्या प्रयोगशाळेत रेनल्ड जॉन्सन यांच्या नेतृत्वाखाली तिची डिस्क तयार झाली होती. २४ इंच व्यासाच्या ५० चकत्या एकाच उभ्या दांड्यावर बसवलेल्या, मिनिटाला १२०० फेऱ्या, आणि सगळी मिळून क्षमता ५० लाख अक्षरांची. आजच्या मोबाइलने काढलेले एक छायाचित्रही त्यात कसेबसे मावेल. माहिती वाचणारा हात एकच. तो चकत्यांमधून पूर्ण बाहेर यायचा, वर किंवा खाली सरकायचा आणि हव्या त्या चकतीपाशी पुन्हा आत शिरायचा. सरासरी ६०० मिलिसेकंद लागत. पण लोक कामे एकामागून एक देत, त्यामुळे रांग लागत नसे आणि कोणाला पुढे घ्यायचे हेही ठरवावे लागत नसे.

रांग लागली ती १९६० नंतर, आणि तिला दोन गोष्टी कारण झाल्या. १९६१ मध्ये जाहीर झालेल्या आयबीएम १३०१ या डिस्कमध्ये प्रत्येक पृष्ठभागाला स्वतःचे हेड मिळाले आणि सगळी हेड एका फणीच्या दातांसारखी एकत्र आत-बाहेर सरकू लागली. आता वर-खाली जाणे संपले. डिस्कवरची कोणतीही जागा शोधणे म्हणजे फणी एका सरळ रेषेत किती आत न्यायची एवढाच प्रश्न उरला. दुसरी गोष्ट घडली एमआयटी या अमेरिकेतल्या संस्थेत. फर्नांडो कोर्बातो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एकच संगणक अनेकांना एकाच वेळी वापरता येईल अशी व्यवस्था तयार केली आणि १९६१ च्या नोव्हेंबरात ती करून दाखवली. ज्याला त्याला वाटावे, संगणक आपल्या एकट्याचाच आहे. हे नाटक वठवायचे तर डिस्कच्या दारातली गर्दी कोणाला जाणवता कामा नये.

डेनिंग यांचा प्रश्न

पीटर डेनिंग हे त्याच एमआयटीतले संशोधक विद्यार्थी. १९६७ च्या एप्रिलमध्ये अटलांटिक सिटी इथल्या परिषदेत त्यांनी एक निबंध वाचला. डिस्कच्या दारात मागण्यांची रांग लागली असेल, तर त्या कोणत्या क्रमाने पुऱ्या कराव्यात, हा त्याचा विषय.

त्यांच्या तर्काची कल्पना वर्गात सहज देता येते. जमिनीवर ० ते १९ क्रमांकाच्या वीस फरशा खडूने आखा. या फरशा म्हणजे ट्रॅक. एक विद्यार्थी हेड होऊन ८ व्या फरशीवर उभा राहतो. बाकीचे सात जण ११, ३, १८, ९, १, १५, ६ या फरशांजवळ, याच क्रमाने, कार्ड वर करतात. हेडने प्रत्येकाजवळ जाऊन त्याचे कार्ड घ्यायचे. आलेल्या क्रमानेच जायचे ठरवले, तर त्याला ६६ फरशा चालावे लागते. प्रत्येक वेळी सर्वांत जवळचे कार्ड आधी घ्यायचे ठरवले, तर ९, ११, १५, १८, ६, ३, १ असा क्रम लागतो आणि चाल २७ फरशांवर येते. आता तिसरा नियम : एका दिशेने निघायचे, वाटेत येईल ते कार्ड घ्यायचे, त्या दिशेला कोणी उरले नाही की उलट फिरायचे. सुरुवात वरच्या आकड्यांकडे केली तर पुन्हा २७, खालच्या आकड्यांकडे केली तर २४.

या आकड्यांकडे पाहून वाटेल, जवळचे आधी घ्या किंवा झाडू मारल्यासारखे एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत जा, फरक काही नाही. मीही शिक्षकांच्या एका शिबिरात हा खेळ घेताना इथेच थांबणार होते. पण तेवढ्यात एका शिक्षकांनी सुचवले, की मुलांना मध्येच नवी कार्डे वर करू द्या. खरी डिस्क अशीच चालते ना? मग हेड १५ व्या फरशीवर असताना कोणी १७ वर कार्ड वर केले, तिथे पोहोचेपर्यंत कोणी १४ वर, मग १६ वर. जवळचे आधी या नियमाने हेड त्या कोपऱ्यातच घुटमळत राहिले. पाचेक मिनिटांनी पहिल्या फरशीवरची मुलगी वैतागून म्हणाली, "ताई, मी अजून उभीच आहे. माझा हात दुखायला लागला."

तिने डेनिंग यांचा मुद्दा त्यांच्यापेक्षा कमी शब्दांत सांगितला. जवळच्याला आधी घेण्याच्या नियमाने एकूण काम भरभर उरकते, पण लांबच्याचा नंबर कधी लागेल याची खात्री देता येत नाही. संगणकशास्त्रात या प्रकाराला जो शब्द आहे, त्याचा सरळ अर्थ 'उपासमार' असाच होतो. म्हणून डेनिंग यांनी झाडू मारण्याच्या पद्धतीची बाजू घेतली. तिचा वेग जवळपास तेवढाच, पण दोन फेऱ्यांच्या आत प्रत्येकाचा नंबर लागणारच. बहुमजली इमारतीतली लिफ्ट असेच वागते, म्हणून पुढे हिला लिफ्टची पद्धत हे नाव चिकटले.

जाता जाता, डेनिंग यांनी ढोलाचाही विचार केला होता, आणि तिथे निकाल अगदी स्वच्छ निघतो. ढोलाच्या परिघावर कुठेकुठे n मागण्या वाट पाहत असतील आणि जी आधी हेडखाली येईल तीच घ्यायची असेल, तर सरासरी प्रतीक्षा फेरीच्या १/(n+१) इतकीच राहते. एकच मागणी असेल तर अर्धी फेरी. नऊ असतील तर फेरीचा दहावा भाग. थोडक्यात, गर्दी वाढली की यंत्र अधिक कार्यक्षम होते! अकरावी-बारावीच्या विद्यार्थ्यांनी हे सूत्र स्वतः काढून पाहावे.

टोकावर राहणाऱ्यांचे काय?

लिफ्टच्या पद्धतीत उपासमार नाही, पण अन्याय अगदीच नाही असे नाही. समजा, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत जायला हेडला १० सेकंद लागतात. मधल्या फरशीवरून ते दर १० सेकंदांनी जाते, म्हणून तिथे केव्हाही कार्ड वर केले तर सरासरी ५ सेकंद थांबावे लागते. अगदी टोकाच्या फरशीवर ते दर २० सेकंदांनी येते; तिथे सरासरी १० सेकंद. आणि पाव अंतरावरच्या फरशीवर? तिथे हेड आलटून पालटून ५ आणि १५ सेकंदांच्या अंतराने येते. इथे बरेच जण अडीच आणि साडेसात यांची सरासरी काढून ५ हे उत्तर देतात. ते चूक आहे. कार्ड वर करण्याचा क्षण १५ सेकंदांच्या लांब खंडात पडण्याची शक्यता तिप्पट असते, म्हणून खरे उत्तर ६.२५ सेकंद येते. एसटीच्या थांब्यावर आपण उभे राहिलो की गाडी नेहमी उशिराच येते असे जे वाटते, त्यात नशिबाचा भाग कमी आणि या हिशेबाचा जास्त असतो.

टोकांवरचा हा अन्याय दूर करायचा एक उपाय असा : हेडने एकाच दिशेने जाताना कार्डे घ्यायची, टोकाला पोहोचले की वाटेत कुठेही न थांबता सरळ परत यायचे आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करायची. शेतात एकाच बाजूने पेरत जाऊन मोकळे परत यावे, तसे. मग प्रत्येक फरशीला सारखीच वाट पाहावी लागते. पण परतीची फेरी रिकामी जाते, हा तोटा नाही का?

इथे भौतिकशास्त्र मदतीला येते. हेडचा हात स्थिर वेगाने सरकत नाही. निम्मे अंतर तो वेग वाढवत जातो आणि उरलेले निम्मे वेग कमी करत. त्वरण a आणि अंतर d असेल, तर लागणारा वेळ २√(d/a). म्हणजे अंतर चौपट झाले तरी वेळ फक्त दुप्पट होतो. लांब अंतरात हात कमाल वेगाला पोहोचला की पुढे वेळ अंतराच्या प्रमाणात वाढतो, हे खरे. पण थांबल्यावर हेड ट्रॅकवर नीट स्थिरावायला जो वेळ लागतो, तो अंतर कितीही असो तेवढाच असतो. म्हणून एक लांब उडी ही अनेक छोट्या उड्यांच्या बेरजेपेक्षा पुष्कळ स्वस्त पडते. टोबी टिओरी आणि टॅड पिंकर्टन यांनी १९७२ साली या सगळ्या पद्धतींची बारकाईने तुलना केली, तेव्हा निष्कर्ष निघाला तो असाच : गर्दी बेताची असेल तर लिफ्टची पद्धत बरी, गर्दी फार असेल तर एकाच दिशेने जाणारी.

आपल्याकडच्या संगणकाच्या अभ्यासक्रमात हा विषय आजही असतो, पण परीक्षेत प्रश्न येतो तो 'हेडने एकूण किती ट्रॅक ओलांडले' एवढाच. विद्यार्थी बेरीज करून पाच गुण मिळवतो. सर्वांत जास्त वेळ कोण थांबले, हे कोणी विचारत नाही. मला हा प्रश्न विचारण्याचा हट्ट धरावासा वाटतो, कारण शिबिरातल्या त्या मुलीचा दुखरा हात ट्रॅकच्या बेरजेत कुठेच दिसत नाही.

दोन शंकेखोर

सत्तरच्या दशकात दोन निबंध असे आले, की त्यांनी या चर्चेतली थोडी हवा काढून घेतली. १९७२ मध्ये विल्यम लिंच यांनी आपल्या निबंधाच्या शीर्षकातच विचारले, की डिस्कचे हात मुळात हलतात का? कामात असलेल्या संगणकावर मोजमाप केल्यावर त्यांना आढळले, की बहुतेक वेळा हात हलवायची गरजच पडत नाही. कारण साधे आहे. फाइलचे तुकडे शेजारी शेजारी ठेवलेले असतात आणि वाचणारा ते ओळीने वाचतो. गणितात सोयीसाठी धरलेले असते, की मागणी कुठूनही सारख्याच संभवाने येते. खऱ्या आयुष्यात ती तशी येत नाही. मग १९७६ मध्ये नील विल्हेल्म यांनी प्रत्यक्ष निरीक्षणांवर आधारलेले प्रतिमान वापरून दाखवले, की काही परिस्थितींत आलेल्या क्रमानेच जाणारा साधाभोळा नियम जवळच्याला आधी घेणाऱ्या हुशार नियमापेक्षा रांग लहान ठेवतो. त्यांनी या गोष्टीला विसंगती म्हटले.

हे वाचताना मला वाटते, प्रत्येक विज्ञानशिक्षकाच्या संग्रहात अशी एकदोन उदाहरणे असावीत. गणित बरोबर होते. गृहीतक तपासायचे राहिले होते.

पुढच्या पंधरावीस वर्षांत यंत्रेच बदलली. हात चपळ झाले, पण चकतीच्या फेऱ्या त्या मानाने वाढल्या नाहीत. त्यामुळे ढोलाच्या काळातला फिरण्याचा विलंब पुन्हा महत्त्वाचा झाला. मार्गो सेल्टझर, पीटर चेन आणि जॉन आउस्टरहाउट यांनी १९९० मध्ये बर्कलीहून हा विषय नव्याने उघडला. ट्रॅक आणि फेरी दोन्ही लक्षात घेऊन, ज्या मागणीला एकूण सर्वांत कमी वेळ लागेल ती आधी घ्या, असा विचार त्यांनी तपासला. पण हे करायचे तर या क्षणी चकती नेमकी किती फिरली आहे ते कळायला हवे. संगणकाला ते बाहेरून कळत नाही. शिवाय बाहेरचे ट्रॅक लांबीने मोठे असतात म्हणून त्यांवर जास्त माहिती ठेवायची पद्धत रुळल्यावर डिस्कने आपला खरा नकाशा संगणकाला दाखवणेच बंद केले. बाहेर फक्त ओळीने क्रमांक दिसू लागले. म्हणून ही निवड डिस्कच्या आतल्या छोट्या प्रोसेसरकडे गेली. घरगुती संगणकातल्या डिस्कही पुढे एका वेळी ३२ मागण्या घेऊन त्यांचा क्रम स्वतःच ठरवू लागल्या.

माझी यादी कुठे अडकली होती?

आता त्या संध्याकाळकडे येऊ. आमच्या संगणकावर लिनक्सची २.४ ही आवृत्ती होती. तिच्यात लिफ्टसारखीच व्यवस्था होती : नवी मागणी आली की ती रांगेत क्रमांकाप्रमाणे योग्य जागी सरकवायची आणि लगतच्या मागण्या एकत्र जोडायच्या. मित्राची फाइल डिस्कवर सलग लिहिली जात होती. लिहिण्याची प्रत्येक नवी मागणी आधीच्या मागणीला खेटून येई, म्हणून ती पुढेच घुसे. माझी मागणी डिस्कच्या कुठल्या तरी लांबच्या भागातली. मागच्याने पुढच्याला किती वेळा ओलांडावे यावर बंधन होते, पण ते अपुरे पडत होते. मी म्हणजे पहिल्या फरशीवरची मुलगी होते.

येन्स ॲक्सबो या डॅनिश प्रोग्रॅमरने यावर काढलेला तोडगा २००३ च्या डिसेंबरात प्रसिद्ध झालेल्या २.६ या आवृत्तीत आला. त्यांचा विचार असा. लिहिणाऱ्याला घाई नसते. त्याची माहिती आधी स्मृतीत ठेवली जाते आणि त्याचा कार्यक्रम पुढे चालू राहतो. वाचणारा मात्र माहिती हातात येईपर्यंत ठप्प असतो, आणि बहुधा त्याच्यामागे पडद्याकडे पाहत बसलेले एक माणूस असते. म्हणून प्रत्येक मागणीवर मुदत लिहायची. वाचायच्या मागणीला अर्धा सेकंद, लिहायच्या मागणीला पाच सेकंद. मुदत टळली नाही तोवर लिफ्टचा क्रम. टळली की ज्याची टळली त्याच्याकडे आधी जायचे. ट्रॅकच्या बेरजेत थोडे नुकसान होते. ते मुद्दाम सोसलेले आहे.

त्याच सुमाराला आणखी एक कल्पना आली, आणि मला या साऱ्या इतिहासात तीच सर्वांत आवडते. २००१ मध्ये कॅनडातल्या बॅन्फ इथे भरलेल्या परिषदेत सीताराम अय्यर आणि पीटर ड्रशेल यांनी मांडले, की कधी कधी रांगेत माणसे उभी असतानाही डिस्कने मुद्दाम स्वस्थ बसावे! किराणा दुकानदार काय करतो ते आठवा. गिऱ्हाइकाला साखर दिली की तो लगेच मागच्या माणसाकडे वळत नाही. "आणखी काही?" असे विचारून क्षणभर थांबतो. साखर घेणाऱ्याला बहुतेक वेळा शेजारच्याच डब्यातला रवा हवा असतो, तो फक्त पिशवी सावरत असतो. वाचणारा कार्यक्रमही असाच. एक तुकडा मिळाला की त्यावर काम करून तो पुढचा, शेजारचाच तुकडा मागतो. मध्ये जो क्षण जातो त्यात डिस्क घाईने दुसऱ्याकडे धावली, तर हात लांब जाणार आणि लगेच परत यावे लागणार. दोन गिऱ्हाइके असतील तर साऱ्या दिवसाचा वेळ या हेलपाट्यातच संपेल. काही मिलिसेकंद थांबणे यापेक्षा स्वस्त. ही पद्धत लिनक्सनेही घेतली आणि २००६ पर्यंत तीच मुळातून लागू असे. नंतर तिची जागा प्रत्येक कार्यक्रमाला स्वतंत्र रांग आणि ठरावीक वेळ देणाऱ्या पद्धतीने घेतली. तिचे नावच 'संपूर्ण न्याय्य रांग' अशा अर्थाचे होते.

हात नसलेली साठवण

मोबाइलमध्ये आणि हल्लीच्या बहुतेक लॅपटॉपमध्ये फिरणारी चकती नसते. तिथे फ्लॅश स्मृती असते. सरकणारा हात नाही, मग जवळचे आणि लांबचे असा भेदही नाही. चाळीस वर्षांची ही लिफ्ट एकदम बिनकामाची वाटू लागली, आणि काही काळ सल्ला असाच दिला जाई, की फ्लॅश असेल तर क्रम लावू नका, आली मागणी पुढे ढकला. फ्लॅशसाठी आखलेल्या आणि २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एनव्हीएमई या मानकात तर ६५ हजारांहून अधिक रांगांची सोय आहे आणि प्रत्येक रांगेत ६५ हजारांहून अधिक मागण्या मावतात. इतक्या वेगात एक उलटाच प्रश्न निर्माण झाला. सगळ्या प्रोसेसरनी एकाच रांगेत मागण्या लावायच्या, तर त्या रांगेच्या तोंडाशीच खेचाखेच होऊ लागली. कोणाला आधी घ्यावे हे ठरवण्यातला वेळ डोळ्यात भरू लागला. म्हणून लिनक्समध्ये २०१४ च्या जानेवारीत आलेल्या आवृत्तीपासून अनेक रांगांची व्यवस्था सुरू झाली, आणि २०१९ मध्ये जुनी एकरांगी व्यवस्था काढून टाकण्यात आली. तिच्याबरोबर ती 'न्याय्य रांग'ही गेली.

तरी प्रश्न संपला नाही, फक्त जागा बदलली. फ्लॅशवर वाचणे चटकन होते, पण नवे लिहिण्यासाठी जुने पुसावे लागते, तेही मोठ्या मोठ्या ठोकळ्यांनी, आणि पुसायला वाचण्याच्या कित्येक पट वेळ लागतो. पुसण्याच्या मागे अडकलेले वाचन म्हणजे पुन्हा माझी वीस ओळींची यादी. पावलो व्हॅलेंते आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तयार केलेली, प्रत्येक कार्यक्रमाला कामाचा ठरावीक वाटा देणारी एक पद्धत २०१७ मध्ये लिनक्समध्ये आली, ती अशाच तक्रारींसाठी.

आणि चकत्या अजून फिरतच आहेत. मोठमोठ्या माहितीकेंद्रांत स्वस्तात साठा करायचा तर अजूनही त्याच लागतात. मिनिटाला ७२०० फेऱ्या घेणारी पहिली हार्ड डिस्क सीगेट कंपनीने १९९२ मध्ये बाजारात आणली. तिची क्षमता २ गिगाबाइटांच्या आसपास होती. आज २० टेराबाइटांची, म्हणजे दहा हजार पट माहिती ठेवणारी डिस्क मिळते. तीही मिनिटाला ७२०० फेऱ्याच घेते. दहा हजार पट माहितीच्या दारात एकच हात, आणि एका फेरीला तेच ८.३३ मिलिसेकंद. म्हणून अलीकडे काही डिस्कमध्ये एकाच दांड्यावर दोन हात बसवलेले असतात. निम्म्या चकत्या एकाच्या, निम्म्या दुसऱ्याच्या, आणि प्रत्येकाच्या दारात आपापली रांग.